चाल कोणाची?

‘ऑर्गन’ हा शब्द कानीं पडतांच युरोपियन रसिकाच्या डोळ्यांपुढें उभें राहतें तें चर्चच्या भिंतीला लागून छतापर्यंत चढलेल्या नळ्यांचें प्रचंड वाद्य. महाराष्ट्रीय रसिकाला त्याच शब्दानें आठवण होते ती नाटकगृहाची: तिसरी घंटा, धुपाचा वास, आणि रंगमंचापुढें पायांनीं भाता हालवीत नांदीचा सूर धरून बसलेला ऑर्गनवादक. आपल्याकडला ऑर्गन नळ्यांचा नव्हे. त्याच्या पोटांत पितळेच्या लहान लहान पट्ट्या असतात आणि पायांनीं दिलेल्या वाऱ्यानें त्या कंप पावून सूर निघतो. तिकडे हें वाद्य देवाच्या सेवेस लागलें, इकडे नटाच्या. परंतु एका बाबतींत दोन्हीकडची रीत सारखीच होती. त्या वाद्यापुढें बसून नवी रचना करण्याचा मान बहुधा पुरुषाकडे जाई. स्त्रीनें गावें, फार तर साथ करावी, पण चाल बांधावी ती दुसऱ्यानें, ही समजूत तिकडेही होती आणि इकडेही.

आपल्या मुंबईंत ज्या एका स्त्रीनें ही समजूत कृतीनें खोटी ठरविली, त्या सरस्वतीदेवी यांच्या कारकीर्दीचा विचार येथें करावयाचा आहे. खुर्शीद मिनोचेर-होमजी हें त्यांचें घरचें नांव. १९१२ सालीं एका पारशी कुटुंबांत जन्मलेल्या ह्या बाईंनीं १९३५ पासून मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या बोलपटांना ओळीनें सहा-सात वर्षें संगीत दिलें. ९ ऑगस्ट १९८० रोजीं त्या निवर्तल्या तेव्हां त्यांच्या कांहीं चाली घरोघर माहीत होत्या. नांव मात्र थोड्यांनाच ठाऊक होतें. असें कां व्हावें? काळाचा महिमा, स्त्रियांविषयीं समाजाची अनास्था, हीं उत्तरें खोटीं नाहींत. परंतु तीं अपुरीं आहेत. माझ्या मतें ह्या विस्मृतीचें एक कारण त्यांच्या कलेच्या गुणांतच दडलेलें आहे, आणि तेंच अधिक विचार करण्याजोगें आहे.

हा प्रश्न मनांत आला तो दिव्यास, माझ्या राहत्या घरीं. गेल्या पावसाळ्यांत ‘अछूत कन्या’ हा १९३६ चा बोलपट घरच्या मंडळींसह पुन्हा पाहिला. दिव्याच्या माणसाला ह्या चित्रपटाविषयीं विशेष आपुलकी वाटावी असें एक कारण त्यांत आहे. त्याची नायिका कस्तुरी ही रेल्वेच्या फाटकावरील पहारेकऱ्याची मुलगी. तिची प्रीति ब्राह्मणाच्या मुलावर बसते, समाज ती फळूं देत नाहीं, आणि अखेर धांवत्या आगगाडीला थांबवितांना ती रुळांवरच प्राण सोडते. ज्यांच्या आयुष्यांतले कित्येक तास फाटक उघडण्याची वाट पाहण्यांत गेले, अशा आम्हां लोकांना ती कथा परकी वाटली नाहीं. चित्रपट संपल्यावर माझ्या विशीतल्या पुतण्यानें विचारलें, “काका, ह्याच बाईंनीं आणखी काय केलें?” मीं त्याला ‘झूला’ ह्या १९४१ च्या बोलपटांतील, एका चतुर स्त्रीच्या शृंगाराची थट्टा करणारें, अशोककुमारांनीं गाइलेलें गीत ऐकविलें. दुसरी ओळ येण्यापूर्वींच तो ओरडला, “ही तर ‘पडोसन’मधली चाल!” ‘पडोसन’ १९६८ चा, त्याचे संगीतकार राहुलदेव बर्मन. म्हणजे मूळ चाल सत्तावीस वर्षें जुनी, आणि मुलाच्या लेखीं मात्र तीच नक्कल! त्यांत त्याची चूक नव्हती. त्याला कोणी सांगितलेंच नव्हतें.

हें सांगावयाचें तर आरंभ गुरूपासून केला पाहिजे. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे वाळकेश्वरचे. १८८४ सालीं ते मुंबईच्या पारशी गायन उत्तेजक मंडळीचे सभासद झाले आणि पुढें तेथें शिकवूंही लागले. पारशी समाजाचा आणि हिंदुस्थानी संगीताचा जो स्नेह त्या काळीं जुळला, त्याचेंच एक फळ म्हणजे खुर्शीद. त्यांनीं भातखंड्यांच्या पद्धतीनें शिक्षण घेतलें, धृपद-धमाराचा अभ्यास केला, आणि १९२६ सालीं लखनौस स्थापन झालेल्या मॅरिस कॉलेजांतही त्या शिकल्या. मुंबईचें रेडिओ केंद्र जुलै १९२७ मध्यें सुरू झालें. त्यावरून ‘होमजी भगिनी’ ह्या नांवानें ह्या बहिणींचें गायन-वादन होऊं लागलें. घरच्या ह्या वाद्यवृंदांत माणेकच्या हातीं सतार असे, आणि ऑर्गनपुढें खुर्शीद बसत.

येथें एक विरोध ध्यानांत घ्यावा. धृपदाची शिकवण ही सुरांतून सुरांत सरकत जाण्याची, मींडेची आहे. ऑर्गनची शिकवण ह्याच्या नेमकी उलट. त्याच्या पट्टीवर बोट पडलें कीं ठरलेला सूर निघतो आणि दोन पट्ट्यांच्या मधली जागा रिकामीच राहते. ह्याच दोषावर बोट ठेवून १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला आपल्या केंद्रांत मज्जाव केला, व तो कित्येक दशकें टिकला. शास्त्राच्या दृष्टीनें तो आक्षेप निराधार म्हणतां येणार नाहीं. परंतु जो दोष गवयाला नडतो तोच शिकाऊ गळ्याला तारूं शकतो, कारण पट्टीचा सूर पायरीसारखा असतो. ज्याला पोहतां येत नाहीं त्याला पायऱ्यांनींच पाण्यांत उतरावें लागतें. सरस्वतीदेवींच्या चालींचें मर्म मला ह्या पायरींत दिसतें.

मालाडला त्यांच्यापुढें आलेलें कामच तसें होतें. हिमांशु राय आणि देविकाराणी यांनीं १९३४ सालीं बॉम्बे टॉकीज उभारली. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन जर्मन, शिस्त युरोपियन, नटवर्ग सुशिक्षित घरांतला; पण गाण्याच्या नांवानें आनंद. नायक अशोककुमार हे प्रयोगशाळेंतून अकस्मात् कॅमेऱ्यापुढें आणलेले. देविकाराणींच्या गळ्यावर गायकीचे संस्कार नव्हते. आणि त्या काळीं गाणें निराळें मुद्रित करून मागाहून जोडण्याची पद्धत अजून रुळली नव्हती; नटानें अभिनय करतां करतांच गावयाचें, वादकांनीं कॅमेऱ्याच्या दृष्टीआड लपून साथ करावयाची, आणि कोणीही चुकला तर सर्वांनीं पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ करावयाचा.

तुलनेसाठीं ह्याच वर्षांतील ‘प्रभात’कडे पाहावें. केशवराव भोळ्यांनीं १९३६ मध्यें ‘संत तुकाराम’ला आणि १९३७ मध्यें ‘कुंकू’ला संगीत दिलें. भोळ्यांची प्रतिभा वादातीत. पण त्यांच्या हाताशीं विष्णुपंत पागनीसांसारखा भजनांत मुरलेला गळा होता, शांता आपट्यांसारखी तयारीची गायिका होती. मास्टर कृष्णराव तर स्वतःच गायकश्रेष्ठ. ह्या मंडळींना रंगभूमीची परंपरा पाठीशीं घेऊन चाल बांधतां आली. सरस्वतीदेवींना मिळालें होतें तें न गाणाऱ्या माणसांकडून गाऊन घेण्याचें काम. चांगल्या गळ्यासाठीं चाल बांधणाऱ्याची कसोटी कल्पनेची असते. कच्च्या गळ्यासाठीं चाल बांधणाऱ्याची कसोटी त्यागाची असते. आपल्याला जें जें येतें त्यांतलें काय गाळावयाचें हें त्याला कळावें लागतें.

‘अछूत कन्या’मधील, नायक-नायिकेनें पाखरांच्या रूपानें एकमेकांना साद घालणारें तें प्रसिद्ध द्वंद्वगीत ह्या दृष्टीनें ऐकावें. शब्द जमुनास्वरूप कश्यप यांचे. चाल जवळजवळ सरळ पावलांनीं चालते. एका अक्षराला बहुधा एकच सूर; लांब तान कोठें नाहीं; ओळ संपते तेथें श्वासाला जागा ठेवलेली; एकानें म्हटलेलें दुसऱ्यानें उचलावें अशी योजना, म्हणजे दुसऱ्याला सूर शोधीत बसावें लागत नाहीं. ह्या साऱ्या गोष्टी अडचणींतून जन्मल्या आहेत हें खरें. परंतु ऐकणाऱ्याला अडचण दिसत नाहीं, दिसतो तो दोन अल्लड जिवांचा निर्व्याज आनंद. कस्तुरी आणि प्रताप हीं खेड्यांतलीं मुलें आहेत. तीं बैठकीच्या गवयासारखीं गाऊं लागतीं तर कथेचाच बिघाड होता. गळ्याची उणीव पात्राचा स्वभाव म्हणून वापरणें, ह्याला मी खरी रचनाकला म्हणतों.

आतां दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहींतर हें परीक्षण न राहतां गौरवपत्र होईल. त्यांच्या चाली एकापाठोपाठ एक ऐकल्या तर त्यांत एकसुरीपणा जाणवतो. जी सावधगिरी अशोककुमारांसाठीं आवश्यक होती, ती कांहीं ठिकाणीं संवय होऊन बसलेली दिसते. करुण प्रसंगीं जेथें सुरानें रेंगाळावें तेथेंही चाल पायऱ्या मोजीत उतरते. दुसरें असें कीं, १९३९ च्या ‘कंगन’पासून ‘बंधन’ आणि ‘नया संसार’ ह्या चित्रपटांत रामचंद्र पाल हे त्यांचे सहकारी होते. त्या कामांतील वांटणी करण्याचा आग्रह मी धरीत नाहीं. बाईंच्या कीर्तीला १९३६ ते १९३८ चें एकटीचें काम पुरेसें आहे. आणि ‘पहिल्या स्त्री संगीतकार’ असें बिरुद त्यांना बिनदिक्कत लावणेंही बरोबर नव्हे, कारण जद्दनबाईंनीं १९३५ च्या ‘तलाश-ए-हक’ला संगीत दिलें होतें. सरस्वतीदेवींचें वैशिष्ट्य निराळें आहे. एका नांवाजलेल्या संस्थेंत, वर्षानुवर्षें, ठरल्या तारखेस, पगारी व्यवसाय म्हणून हें काम करून त्यांनीं स्त्रीच्या रचनेला अपवादाच्या कोपऱ्यांतून नेहमीच्या कामाच्या जागीं आणलें.

त्यासाठीं त्यांना किंमत द्यावी लागली ती नांवाची. पारशी घरच्या मुली बोलपटांत जाणार म्हणतांच त्या समाजांत मोठा क्षोभ झाला, आणि १९३५ च्या ‘जवानी की हवा’च्या वेळीं त्यानें उघड विरोधाचें रूप घेतलें. तोड अशी निघाली कीं नांवें बदलावीं. खुर्शीदची सरस्वतीदेवी झाली, बहीण माणेक हिची चंद्रप्रभा. त्याच चित्रपटाविषयीं अशी एक हकीकत सांगतात कीं, चित्रणाच्या दिवशीं चंद्रप्रभेचा गळा बसला, तेव्हां तिनें नुसते ओठ हालविले आणि आवाज दिला तो दृष्टीआड उभ्या असलेल्या सरस्वतीदेवींनीं. पार्श्वगायनाचा मान कलकत्त्याच्या त्याच सालच्या ‘धूप छाँव’ला देण्याचा प्रघात आहे, व तो वाद मी येथें उकरून काढीत नाहीं. मला त्या प्रसंगांत बाईंच्या पुढील आयुष्याचें चित्र दिसतें. नांव दुसरें, तोंड दुसऱ्याचें; आपला होता तो फक्त सूर.

टोपणनांवाची गोष्ट आपल्या संगीतांत नवी नव्हे. स्वतः भातखंड्यांनीं ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा ग्रंथ १९१० सालीं ‘चतुरपंडित’ ह्या नांवानें प्रसिद्ध केला, आणि मराठींतील ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ लिहितांना ते ‘विष्णुशर्मा’ झाले. पुढें लता मंगेशकरांनीं मराठी चित्रपटांना चाली दिल्या त्या ‘आनंदघन’ ह्या नांवानें. १९६५ च्या ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्याचें पारितोषिक मिळालें तेव्हां हे आनंदघन कोण, हा अनेकांना प्रश्नच होता. परंतु ह्या तिघांत भेद आहे. गुरूनें नांव झांकलें तें स्वेच्छेनें, आणि विद्वानांना त्यामागला माणूस ठाऊक होता. लताबाईंनीं झांकलें तेंही स्वेच्छेनें. पडदा दूर झाला तेव्हां आंतलें नांव बाहेरच्याहून मोठें निघालें. खुर्शीदबाईंना तें बदलावें लागलें लोकांच्या रागामुळें. पुढें राग ओसरला, तरी लोकांच्या ओळखीचें असें जुनें नांव मागें नव्हतेंच, आणि नवें तर चित्रपटाच्या आरंभींच्या पाटीवर येऊन क्षणांत सरून जाई.

१९४० सालीं हिमांशु राय वारले, आणि मालाडची घडी विसकटली. सरस्वतीदेवी पुढें अन्य संस्थांकडे वळल्या. १९४३ च्या सोहराब मोदींच्या ‘पृथ्वीवल्लभ’ला रफीक गझनवी यांच्यासह त्यांनीं संगीत दिलें. पण पूर्वींची जादू उतरली नाहीं. ह्याचें कारण प्रतिभा आटली असें मला वाटत नाहीं. त्याच १९४३ सालीं बॉम्बे टॉकीजच्याच ‘किस्मत’मध्यें अनिल बिश्वासांच्या चाली गाजल्या. पार्श्वगायन आतां स्थिर झालें होतें; गाणाऱ्यानें गावें आणि दिसणाऱ्यानें दिसावें, अशी कामाची वांटणी झाली होती. न गाणाऱ्याकडून गाऊन घेण्याची जी विद्या सरस्वतीदेवींनीं कमावली होती, तिची गरजच सरली. गांवांत पूल बांधला गेला कीं उत्तम नावाड्याचेंही काम संपतें. त्यांत नावाड्याची उणीव नसते.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. ‘जीवन नैया’ (१९३६) ह्या चित्रपटांत अशोककुमारांनीं गाइलेलें एकाकीपणाचें एक गीत आहे. त्यांचे धाकटे बंधु किशोरकुमार यांनीं १९६१ सालीं स्वतः संगीत दिलेल्या ‘झुमरू’ चित्रपटांत तें पुन्हा घेतलें, आणि आज तें त्यांचेंच म्हणून ऐकलें जातें. ‘झूला’तील थट्टेचें गीत ‘पडोसन’मध्यें पोहोंचलें. मी ह्याला चोरी म्हणत नाहीं. थोरल्या भावाच्या तोंडची गाणीं धाकट्याच्या कानांत लहानपणापासून बसलीं असावींत आणि प्रेमानेंच वर आलीं असावींत. किशोरकुमारांनीं त्यांत घातलेली भरही सामान्य नव्हे. पण तीं इतक्या सहज दुसऱ्याचीं कां होऊं शकलीं? कारण तीं बांधलींच अशीं होतीं कीं कोणीही तीं गावींत. गायकीनें नटलेल्या चालीवर गायकाच्या गळ्याची मोहोर असते; ती दुसऱ्यानें घेतली तर लगेच ओळखूं येते. सरस्वतीदेवींनीं मोहोर उमटूंच दिली नाहीं. ज्याला गातां येत नाहीं त्यालाही जी चाल आपली वाटावी, ती पाहतां पाहतां सर्वांची होते, आणि सर्वांची झालेली वस्तु हळूहळू कोणाचीच राहत नाहीं. जात्यावरच्या ओव्यांचें असेंच झालें आहे. ज्या गुणामुळें चाल जगली त्याच गुणानें कर्तीचें नांव मारलें, असें मला म्हणावयाचें आहे.

मग आपण वाचकांनीं आणि श्रोत्यांनीं ह्याचें करावें काय? स्मारकें उभारावींत असें मी म्हणणार नाहीं. चाल ऐकतांना ती कोणाची हें विचारण्याची संवय लागली तरी पुष्कळ झालें. आपण कादंबरी वाचतों तेव्हां लेखकाचें नांव विचारतों. गाणें ऐकतों तेव्हां गाणाऱ्याचें विचारून थांबतों. माझ्या वर्गांतील मुलांनाही मी आजवर हा प्रश्न कधीं विचारला नव्हता, हें कबूल करणें प्राप्त आहे.

ह्या लेखाची टिपणें करीत असतां एका एकादशीस आमच्या शेजारच्या इमारतींत स्त्रियांच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम होता. पेटीवर बसणाऱ्या बाई साठीच्या घरांतल्या. त्यांनीं एका अभंगाला लावलेली चाल मला नवी वाटली. सरळ, लहान टप्प्यांची, मागें बसलेल्या म्हाताऱ्यांनाही पहिल्याच फेरींत उचलतां आली अशी. कार्यक्रम झाल्यावर मीं विचारलें, “ही चाल कोणाची?” त्या म्हणाल्या, “कोणाची म्हणजे काय, सर? आमच्या मंडळाचीच कीं!” मीं पुन्हा विचारलें तेव्हां शेजारच्या बाईंनीं हंसत सांगितलें कीं चाल ह्यांनींच बसविली, आणि अशा पंधरा-वीस तरी बसविल्या आहेत. मंडळाची वही मीं पाहिली. प्रत्येक अभंगावर तालाचें नांव होतें, कांहींवर रागाचेंही होतें. “चालीपुढें तुमचें नांव लिहा,” असें मीं सुचविलें. बाईंनीं आधीं आढेवेढे घेतले, मग वही पेटीवरच ठेवली, आणि पेन कोणाजवळ आहे म्हणून सभोंवार विचारूं लागल्या.